एडा क्लेगचं मरण

गॉर्डन हेप्वर्थने पहिला सिनेमा काढला तो एका कालव्यावर. त्यात एक बोट डावीकडून येते आणि बऱ्याच वेळाने उजवीकडे जाते. लंडनच्या दोन समीक्षकांना तो धाडसी वाटला. गावी हॅलिफॅक्सला त्याची आई एडिथ मात्र मधेच उठली. "बोट पोचली की हाक मार," म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर कित्येक वर्षं तो ग्रेव्हीच्या पावडरीच्या जाहिराती करत होता. शेवटी सत्त्याहत्तर साली तो लीड्सला आमच्या स्टुडिओत टीव्ही मालिकेचा दिग्दर्शक म्हणून आला. मी तिथे फ्लोअर मॅनेजर होते. म्हणजे दिग्दर्शक वर काचेमागे बसून जे ओरडेल ते कानातल्या यंत्रातून ऐकायचं आणि खाली नटांना साखर लावून सांगायचं.

मालिका एका पबची होती. पबची मालकीण एडा क्लेग, आणि एडाचं काम करायच्या फिलिडा मार्चबँक. बुधवारी संध्याकाळी अख्खं यॉर्कशर एडाकडे बसलेलं असायचं. एडिथबाईंच्या लेखी पोराचं आता कुठे सोनं झालं होतं. "आमचा गॉर्डन एडाकडे लागलाय," असं त्या खाटकाच्या दुकानात चारचौघींना ऐकवायच्या.

आणि नेमकी निर्माता डग्लस पेनीने गॉर्डनच्या हाती पहिलीच संहिता दिली ती एडाच्या मरणाची.

मागणी खुद्द फिलिडाबाईंचीच होती. स्कारबरोच्या नाटक कंपनीने त्यांना राणीची भूमिका देऊ केली होती. "पोरा, जन्मभर बिअर ओतली मी," त्या गॉर्डनला म्हणाल्या. "आता मला झोकात मरू दे."

गॉर्डनने एकच घोडचूक केली. रविवारी जेवताना ही बातमी त्याने आईला सांगितली. मीही त्या दिवशी पंगतीला होते.

"कोण मारतंय तिला?" एडिथबाईंनी सुरी खाली ठेवली.

"कोणी मारत नाही, आई. हृदयाचा झटका येतो."

"काही धाड भरलेली नाही तिच्या हृदयाला. गेल्या बुधवारी तळघरातून पिंप वर आणलं तिने."

"ते रिकामं होतं, आई."

"एडाच्या पबात रिकामं पिंप? बोलवतं तरी कसं तुला!" मग त्यांनी त्याच्या पुढ्यातलं ताट स्वतःकडे ओढलं. "तिला काही झालं ना, तर पुढच्या रविवारपासून तुझ्या वाटचं मटण शेजारच्या हॅरल्डला घालीन. तो निदान कोणाच्या जिवावर उठत नाही."

चित्रीकरणाच्या दिवशी फिलिडाबाई अशा काही मेल्या म्हणता! हातातलं फडकं गळालं, बोटं लाकडी काउंटरवरून हळूहळू घसरली, आणि बाई जमिनीवर. कॅमेरावाला डोळे पुसत होता. तेवढ्यात माझ्या कानात गॉर्डनचा आवाज आला, "पुन्हा घ्या."

"का रे?" मी कुजबुजले.

"फारच मेली."

मी खाली वाकले. "बाई, गॉर्डन म्हणतोय, अप्रतिम. फक्त जरा जिवंतपणा हवा."

"मरणात?"

"हो, तो थोडा कलावंत आहे."

बाई पुन्हा मेल्या. पुन्हा. आणखी एकदा. दर खेपेला गॉर्डनला काहीतरी खुपायचं. तो त्यांना वाचवायचा मार्ग शोधत होता आणि तो काही सापडत नव्हता. शेवटच्या खेपेला डॉक्टर झालेल्या नटाने मान हलवून बाईंवर चादर ओढली. बाईंची कंबर धरली होती. चादरीखालून बाहेर राहिलेल्या हाताचं एक बोट त्यांनी हळूच वाकवलं. ती मला खूण होती, आटप गं बाई, उशी आण.

"हात! हात धरून ठेव!" गॉर्डन कॅमेरावाल्यावर ओरडला. मग मला म्हणाला, "झालं. हेच ठेवायचं."

डग्लसने भाग पाहिला तो अर्धा. उरलेल्या अर्ध्या वेळात तो टेलिफोनवर कोणाला तरी झापत होता. बुधवारी भाग लागला, आणि स्टुडिओचे सगळे टेलिफोन तुंबले. एडाचं बोट हललं! तो डॉक्टर गाढव आहे! ब्रॅडफर्डच्या एका खऱ्या डॉक्टरनेही हेच सांगायला फोन केला.

डग्लस लालबुंद होऊन गॉर्डनच्या खोलीत घुसला. "तुला हाकलतो! आत्ता हाकलतो!" तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कंपनीचे अध्यक्ष होते. डग्लसने टाय सरळ केला. "हो साहेब, मुद्दामच ठेवलं ते. नाही नाही, कल्पना माझीच."

तिकडे स्कारबरोला फिलिडाबाईंची राणी पाचव्या अंकात विष पिऊन कोसळली. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि वरच्या सज्जातून कोणीतरी हाक दिली, "एडा, बोट हलव की!" लोक इतके हसले की पडदा पाडावा लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांची भूमिका दुसरीला गेली.

मालिकेत एडा बरी झाली, पण बाई परत आल्या त्या फणफणतच. "तू माझं मरण खाल्लंस," एवढंच गॉर्डनला म्हणाल्या, आणि त्यानंतर बोलणं बंद. सेटवर तो समोर असला तरी मला म्हणायच्या, "त्या माणसाला सांग, मी तयार आहे." गॉर्डन बिचारा मान खाली घालून वावरायचा. रविवारचं मटण मिळत होतं खरं, पण घशाखाली उतरत नव्हतं.

हे कळलं तशी एडिथबाईंनी लीड्सची बस धरली. आल्याचा केक डब्यात घालून त्या थेट सेटवर उभ्या राहिल्या.

"एडा, उठतेस कशाला? बस. आणि पिंपं उचलणं बंद कर आता."

"मी फिलिडा आहे हो."

"असशील, बाई. मोठ्या दुखण्यानंतर होतं असं."

फिलिडाबाई खाली बसल्या. मग गॉर्डनकडे बोट करून म्हणाल्या, "हा तुमचा ना? लहानपणी चोपलं नाहीत याला?"

"नाही बाई. राहूनच गेलं."

"मोठी चूक केलीत."

"अजून कुठे उशीर झालाय? तू धर, मी देते."

फिलिडाबाई आधी फिसकन आणि मग पोट धरून हसल्या. डबा उघडला, एक तुकडा मोडून एडिथबाईंना दिला, एक स्वतः घेतला. मग गेल्या अनेक महिन्यांत पहिल्यांदाच त्या गॉर्डनकडे बघून बोलल्या, "उभा काय राहिलास? चहा सांग."

गॉर्डन पुढे बरीच वर्षं त्या मालिकेवर राहिला. माणसं मारायचे भाग डग्लस दुसऱ्यांना द्यायचा. लग्नं मात्र सगळी गॉर्डननेच लावली.