गिअरबॉक्समधली शीळ

मित्रांनो, मिनेसोटातल्या विनोना गावात, मिसिसिपी नदीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर सरकत्या दाराची एक करडी व्हॅन दिसली, तर ती मीच समजा. आता मी म्हातारी झाले आहे. हिवाळ्यात बर्फावर टाकलेल्या मिठाने माझ्या दारांच्या कडा खाल्ल्या आहेत. तरीही मी धावते. कशी, ते सांगते.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणले व्हर्जिल आणि आर्डिस या नवराबायकोने. व्हर्जिलने सारा जन्म शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्याला घरात करमेना. मग त्याने मला घेतले आणि गावातल्या म्हाताऱ्या आजारी माणसांना तो इस्पितळात फुकट नेऊ-आणू लागला. डायलिसिसला जाणाऱ्या मिसेस कुलास माझ्या मधल्या बाकावर बसत. "या गाडीत बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं," असे त्या म्हणत, तेव्हा माझी चाके हलकी होत.

मग एका थंडीत माझ्या गिअरबॉक्समधले एक बेअरिंग झिजू लागले. वेग वाढला की पोटातून बारीक शीळ निघे. दुखणे लहान होते, वॉरंटी चालू होती. कंपनीने फुकटात बरे केले असते. पण मी सांगणार कशी? ती शीळ हीच माझी वाचा.

आर्डिसने ती पहिल्याच दिवशी ऐकली.

"व्हर्जिल, गाडी शीळ घालतेय."

"तुला बघून घालत असेल."

"चेष्टा पुरे. एकदा दाखवून आण."

"अगं, माझा जन्म गेला गाड्यांत. काही बिघडलं असतं तर आधी मला कळलं असतं. वारा आहे तो."

मिसेस कुलासनाही ती ऐकू येत होती. पण फुकट नेणाऱ्याला बोलायचे कसे? त्या नुसत्या दाराची मूठ घट्ट धरून बसत. मी रोज आणखी मोठ्याने ओरडे. व्हर्जिल रेडिओ मोठा करी, आर्डिस तो बारीक करी, आणि दोघे रुसून बसत.

साठ हजार मैल पुरे झाले आणि माझी वॉरंटी संपली. कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्पितळाच्या वाटेवर, चढणीला, माझ्या पोटात असा हिसका बसला की मिसेस कुलास पुढच्या बाकावर आदळता आदळता वाचल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी व्हर्जिलने पहिल्यांदा माझ्याकडे घाबरून पाहिले.

गावात ऱ्होंडाचे गॅरेज होते. लहानपणी ती व्हर्जिलच्याच बसने शाळेत जायची. तिने त्याला शेजारी बसवले आणि मला मोठ्या रस्त्यावर काढले.

"ऐकलंस?"

"काय?"

तिने वेग वाढवला. मी जिवाच्या आकांताने शीळ घातली. "आता?"

"इंजिन तर मस्त चाललंय की!"

ऱ्होंडाने मला कडेला उभे केले. मग हळूच म्हणाली, "व्हर्जिल, गाडी किंचाळतेय."

व्हर्जिलने कानाला हात लावला. "मागून अँब्युलन्स आली असती," तो म्हणाला, "तर तीही मला ऐकू आली नसती." त्याने ऱ्होंडाचा हात धरला. "गाडी आधी दुरुस्त झाली, तरी किल्ली माझ्या हातात देऊ नकोस. आधी माझे कान तपासून घेतो."

आर्डिस त्याला न्यायला आली ती तणतणतच. "मी शंभरदा सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. आणि आर्डिस, मला ऐकूही आलं नाही."

तिने त्याचा हात धरला आणि त्याला घरी नेले.

माझे तेल काढले तेव्हा त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. बेअरिंग बदलले, गिअरचे दाते थोडक्यात वाचले. त्या खर्चासाठी व्हर्जिलने आपली लाडकी मासेमारीची बोट विकली. बरी झाल्यावर मला आर्डिस चालवू लागली. तिला एवढी मोठी गाडी आवडत नसे, पण मिसेस कुलासची एकही खेप तिने चुकवली नाही. मी मात्र रोज संध्याकाळी खिडकीकडे बघून झुरत असे. तो येईल ना?

शेवटी तो आला. दोन्ही कानांत इवलीशी यंत्रे होती. मला अंगणातून काढताना त्याने वळण्याचा दिवा लावला आणि दचकून ब्रेक दाबला.

"आर्डिस! हे काय टकटकतंय?"

आर्डिस इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. "वळायचा दिवा रे! घेतल्या दिवसापासून टकटकतोय."

दिवा बंद करायला गेलेला हात त्याने मागे घेतला. दोघे अंगणातच बसून ती टकटक ऐकत राहिले.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, कोणी पुन्हापुन्हा काही सांगत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. कान द्या. आणि ऐकूच येत नसेल, तर लाजू नका, शेजारच्याला विचारा.