वाकळीचा उघडा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. कोल्हापुरात लालासाब गवंडी यांच्या घरी लोखंडी पेटीवर घडी करून ठेवलेली असते. माझा एक कोपरा हातभर उघडा आहे. घरात येणारी प्रत्येक बाई तो बघते आणि सुईदोरा मागते. तिला कुणी देत नाही. का देत नाही, ते सांगते.

माझा जन्म गारगोटीचा. लालासाबांची बायको फातिमा हिच्या आईनं मला शिवलं. वर तिचं लुगडं, खाली तिच्या सासूचं, मध्ये घरातली जुनी धडुती. त्यांच्या घरात एक रीत होती. मुलगी ज्या गावी राहायला जाईल, त्या गावचं एक कापड वाकळीत घालायचं. विकत घेतलेलं चालत नसे. तिथल्या कुणीतरी आपल्या हातानं दिलेलं लागे. नाहीतर त्या गावात झोप लागत नाही, असं फातिमाची आई म्हणायची.

लग्न होऊन फातिमा कोल्हापुरात आली, तेव्हा शेजारच्या तानाबाईंनी तिला एक लुगडं दिलं.

"घे गं. भोकं तेवढी मोजू नगंस," त्या म्हणाल्या.

फातिमानं माझी एक कड उसवली, लुगडं आत पसरलं आणि पुन्हा टाके घातले. त्या दिवसापासून मी कोल्हापूरचीही झाले.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांना गादीवर बसून तेव्हा दहा वर्षं झाली होती. समुद्रापलीकडे जंगबार बेटावर दगडी दवाखाना बांधायचा होता. एका मुकादमानं गवंडी गोळा केले, त्यांत लालासाब होते. बायको आणि तीन वर्षांची सलमा यांना सोडून जायला ते तयार नव्हते. म्हणून सगळेच निघाले.

मला गुंडाळताना बघून तानाबाई म्हणाल्या, "तितं म्हणं बारा म्हैनं घाम गळतोय. आन् तू वाकळ घिऊन निगालीस व्हय?"

"मग झोप कुटली लागंल, मावशी?" फातिमा म्हणाली.

आगगाडीनं मुंबई आणि तिथून अठरा दिवस आगबोट. फातिमाला बोट लागली. सगळी वाट ती माझ्यावर डोकं टेकून पडून होती.

जंगबार फार सुंदर होतं, मित्रांनो. समुद्र हिरव्या काचेसारखा. नारळीच्या बागा संपतच नसत. रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या असत आणि सगळ्या गावाला त्यांचा वास येई. पण तिथल्या डबक्यांतलं पाणी आटत नसे, आणि बाहेरून आलेली माणसं तापानं मरत.

कामावरच्या गोऱ्या डॉक्टरांनी प्रत्येक घराला एक पांढरी जाळी वाटली. लालासाबांनी ती घरी आणली.

"ह्येच्यात निजायचं म्हणं. डास चावला की ताप येतोय."

फातिमा हसली. "डासानं माणूस मरतंय व्हय? आमच्या रंकाळ्यावर काय कमी डास हायत?"

"गोरा येडाच हाय," लालासाबही हसले. तरी त्यांनी जाळी बांधली. आत वारा लागेना, सलमा रडू लागली. चार दिवसांनी फातिमानं जाळी सोडून ठेवली.

मग लालासाबांना दोन महिन्यांसाठी दुसऱ्या बेटावर दगड काढायला पाठवलं. घरात फातिमा आणि सलमा उरल्या. तिथली बोली फातिमाला येत नव्हती. शेजारी खदिजाबी नावाची नारळ विकणारी म्हातारी राहायची. ती अंगाला रंगीत छापाचं कापड गुंडाळायची आणि कुंपणावरून फातिमाकडे बघून हसायची. तिच्याकडे एखादं जुनं कापड मागावं, असं फातिमाच्या मनात होतं. पण शब्द नव्हते, आणि परक्या बाईकडे जुनेर मागायचं तरी कसं? चार वेळा ती तिच्या दारापर्यंत गेली आणि परत आली.

तिला झोप लागत नव्हती. मला माहीत आहे, कारण ती माझ्यावरच कूस बदलत असे.

एका दुपारी तिनं माझी कड उसवली. जाळीची घडी माझ्या मापाची केली आणि आत घातली.

"ह्या गावानं आपल्याला दिल्यालं ह्येच एक कापूड हाय," ती सलमाला म्हणाली.

त्यानंतर तिला झोप लागू लागली. मला सगळ्यांत जास्त हेच बोचतं.

लालासाब परत आले तेव्हा ती तापानं फणफणली होती. आधी थंडी भरायची आणि दात वाजायचे. तिच्या अंगावर मी होते. तेवढ्या उकाड्याच्या देशात तिला माझी गरज पडली.

"जाळी कुटं हाय गं?" लालासाबांनी विचारलं.

"ठेवलीया नीट," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या पोटात काय आहे ते मला माहीत होतं, पण वाकळीला तोंड नसतं.

सलमालाही ताप आला. तिचा उतरला. फातिमाचा उतरला नाही.

तिला शेवटची अंघोळ खदिजाबीनं घातली. कबरस्तानात नेताना तिनं आपलं रंगीत कापड फातिमावर पांघरलं. फातिमाला त्या गावचं कापड मिळालं ते असं.

दुसऱ्या दिवशी सलमासाठी लालासाबांनी जाळी शोधली. सगळं घर उलथंपालथं केलं. मला उचललं, झटकलं आणि बाजूला ठेवलं. जाळी मिळाली नाही. घरात बाहेरचं माणूस एकच आलं होतं. खदिजाबी सलमासाठी पेज घेऊन आली, तेव्हा चार लोकांसमोर ते तिला म्हणाले, "चोर."

बाजारातल्या हिंदी दुकानदारांकडून ऐकलेला तेवढा एक शब्द तिला कळत होता. तिनं पेजेचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेली. पुन्हा ती कुंपणाशी दिसली नाही.

आम्ही कोल्हापूरला आलो. लालासाबांनी दुसरं लग्न केलं नाही आणि मला कधी अंगावर घेतलं नाही. सोळा वर्षं मी पेटीवर होते. फातिमाचा विषय निघाला की ते म्हणायचे, "जाळी असती तर वाचली असती. त्या म्हातारीनं न्हेली." दरवेळी मी ते ऐकायची.

परवाच्या साली सलमा बाळंतपणाला माहेरी आली. तिनं मला धुवायला काढलं. दगडावर आपटताना माझा कोपरा फाटला आणि आतून पांढरं काहीतरी बाहेर आलं. ती मला तशीच ओली घेऊन घरी आली.

"आब्बा, ह्ये काय हाय?"

लालासाबांनी हात लावला. मग जाळी हळूच ओढून बाहेर काढली.

"ती म्हणाली हुती, ठेवलीया नीट. मी कुटं म्हणून इचारलंच न्हाई."

मग ते म्हणाले, "मी त्या बाईला चोर म्हटलोय, सलमा. तुज्या आईला न्हाऊ घातल्याली बाई."

"तुमास्नी काय ठावं हुतं?"

"ठावं नव्हतं तर गप बसायचं हुतं."

त्यांनी मशिदीतल्या मौलवींकडून पत्र लिहून घेतलं. जंगबारात जुन्या मशिदीमागं, खोबऱ्याच्या वखारीशेजारी, खदिजाबी नारळवाली, एवढाच पत्ता. पत्रात लिहिलं की जाळी सापडली, ती घरातच होती, माफ करावं. ती तेव्हाच म्हातारी होती. पत्राला उत्तर आलेलं नाही.

जाळी धुऊन, चार ठिकाणी ठिगळं लावून सलमाच्या बाळावर बांधली. माझ्यात एका कापडाची जागा रिकामी झाली. सलमा तिथं तिची साडी घालायला निघाली, तर लालासाबांनी तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे. तिकडनं काय आलं तर जागा पायजे."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी वाकळ असेल. तिला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. घरातली वस्तू सापडली नाही, तर बाहेरच्या माणसाचं नाव घेण्याआधी घर पुन्हा एकदा बघा, आणि वाकळही उसवून बघा. आणि कधी लालासाबांच्या घरी आलात, तर माझ्या कोपऱ्याला टाका घालू नका. टपालवाला अजून गल्लीत येतो.