बेताची लांबी

टाचणी काही केल्या उचलली जात नव्हती. निळ्या कापडाच्या कडेला आडवी पडली होती, एवढीशी, डोक्याला पांढरा मणी, आणि तिची बोटं चिमटा करून पुन्हा पुन्हा तिथे जात होती आणि रिकामीच वर येत होती. नखं आधी पोचत होती, बोटं मागून. आणि नखांना स्पर्शातलं काही कळत नाही. ती नुसती वाजतात, टेबलावर टक्, टक्, आणि टाचणी आपली गोल फिरून आणखी दूर. अर्धं आयुष्य या टेबलाशी गेलं, न बघता मुठीमुठीने टाचण्या वेचल्या, आणि आता एका टाचणीपुढे मी लहान मूल झाले आहे...

"ताई, टाचणी उचलताय की तिला गुदगुल्या करताय?" समोरून काजवाली म्हणाली. दुकानात काजं-बटणं ती करायची आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती ताईंकडे. दुकानात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले मास्तरसुद्धा.

ती हसली. मग तिला आठवलं, आणि तिने बोट आडवं करून त्याचा मऊ भाग टाचणीवर दाबला. टाचणी बोटाला चिकटून अलगद वर आली. 'बोटाच्या पोटाने काम करायचं,' नखं लावून देताना चिमणीने बजावलं होतं, 'टोकाने नाही. नख म्हणजे पक्कड नाही.'

दहाही बोटांवर फिकट गुलाबी नखं होती, शिंपल्याच्या आतल्या रंगाची. खोटी. पण खोटी म्हणवत नव्हतं, कारण ती चढवायला चिमणीने रविवारची सगळी दुपार घालवली होती. आणि चिमणीने तिच्यासाठी दुपार घालवणं ही गोष्ट इतकी खरी होती की तिच्याबद्दल खोटा हा शब्द वापरायची तिला भीती वाटत होती. येत्या शनिवारी नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करायच्या होत्या, तिने आणि चष्मेवाल्यांनी. लग्न म्हणायला तिची जीभ अजून अडखळायची. सुट्टी मागताना तिने "जरा काम आहे" असं म्हटलं होतं, आणि मास्तर शिलाईवरची नजर न काढता म्हणाले होते, "काम कसलं, लग्न आहे तुमचं. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तो तपकिरी कोट मात्र शुक्रवारी द्या म्हणजे झालं."

चष्मेवाले. मनातसुद्धा ती त्यांना चष्मेवालेच म्हणायची. सुईत दोरा ओवता येईना म्हणून एकदा संध्याकाळी ती त्यांच्या दुकानात गेली होती, आणि भिंतीवरची अक्षरं तर तिला सगळी वाचता आली. तेव्हा ते म्हणाले, "अक्षरं राहू द्या, तुम्ही दिवसभर अक्षरं कुठे बघता? सुई आहे का जवळ?" सुई होतीच, गळ्याजवळ कापडात टोचलेली. ते एकेक भिंग घालत गेले आणि ती दोरा ओवत गेली, चुकत गेली, आणि एका भिंगाला दोरा सरळ आरपार गेला, तेव्हा दोघंही असे खूश झाले, जसा काही नदीवर पूल बांधून झाला. त्या वेळी तिची नखं कुरतडलेली होती, पार मुळापर्यंत. लहानपणापासूनची खोड. आईने बोटांना कडू औषध लावून पाहिलं होतं, ते औषधही ती चाटायला शिकली होती... ती खोड कधी सुटली ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. चष्म्यानंतर कधीतरी. रात्री खोलीत एकटी बसल्यावर तोंडाशी जाणारा हात एके दिवशी जायचा थांबला, एवढंच.

आणि चिमणी, त्यांची मुलगी. नाव त्यांनीच पाडलेलं, लहानपणी. आता ती चांगली उंच, सावकाश बोलणारी बाई होती आणि बाजारपेठेच्या टोकाला नखांचं छोटं दुकान चालवायची. वर्षभर चिमणी तिच्याशी चांगलीच वागली होती. चांगली, म्हणजे पाहुण्याशी वागावं तशी. पाणी आणून द्यायची, जेवायला वाढायची, आणि मग आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जायची. हाक कधी मारली नाही. मावशी नाही, काकू नाही, काहीच नाही. "अहो, ऐका ना" म्हणून जे काही सांगायचं ते सांगायची, आणि तेही बहुतेक "बाबांना मीठ कमी लागतं" असलं काहीतरी. तिने मनाला समजावून ठेवलं होतं की यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आई जाऊन सहा वर्षं झालेली मुलगी आणखी काय करणार? मग गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर चिमणी एकदम म्हणाली, "हात दाखवा. शनिवारी सही करताना हातच दिसतात सगळ्यांना." आणि पेटी उघडून समोर बसली.

एवढा वेळ आपला हात कुणी हातात धरलेला तिला आठवत नव्हता. चिमणी बोलली ती फक्त नखांबद्दल. आधी नखाचा वरचा पापुद्रा हलका घासायचा, तेलकटपणा पुसायचा, मग टिप, म्हणजे वर चिकटवायचं प्लास्टिकचं नख, तिरकी टेकवून सावकाश खाली दाबायची, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. हवा राहिली की तिथे पोकळी, आणि पोकळी राहिली की आज ना उद्या तडा. भांडी घासताना हातमोजे. सकाळ-संध्याकाळ नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब, कोरडं पडलं की ते कडक होतं आणि कडक झालं की मोडतं. टोक कापडात अडकलं तर ओढायचं नाही. डबे नखाने उघडायचे नाहीत. ती मान डोलावत होती आणि मनात म्हणत होती, सगळं करीन, तू सांगशील ते सगळं करीन.

आणि चार दिवस केलं होतं. गंमत म्हणजे त्यात तिला सुख वाटत होतं. दुकानात टाके उसवायला ती एरवी नखच लावायची. आता छोटी कात्री घेऊन एकेक टाका कापत होती, आणि हात असे सावकाश चालले की कपडा दिसायला लागला होता — कोपराशी विरलेला, खिशाच्या तोंडाशी रंग उडालेला, कुणीतरी सारखा त्याच खिशात हात घालत असणार... दुपारी जेवण झाल्यावर काजवालीने तिचा डबा ओढून घेतला, "द्या इकडे, नवऱ्या मुलीने भांडी घासायची नसतात," आणि ती खिडकीशी नुसती बसून राहिली. समोरच्या इमारतीवर एक माणूस पायऱ्या धूत होता. तिला करण्यासारखं काही नव्हतं. दहा बोटं मांडीवर पसरून ती आपल्याच हातांकडे बघत होती, परक्या, श्रीमंत, आळशी हातांकडे, आणि तिला वाटत होतं, आपल्याला जपून वागायला सांगणारं माणूस असणं म्हणजे हेच असेल.

मोडलं ते तपकिरी कोटापायी. त्याला जोडीचं बटण हवं होतं आणि जुन्या बटणांचा पत्र्याचा डबा फळीवर होता. तो डबा तिने हजार वेळा उघडला असेल. हात गेला, अंगठ्याचं नख झाकणाखाली शिरलं, वर उचललं — हे सगळं झाल्यावर मग तिला आठवलं. आवाज जवळजवळ झालाच नाही. झाकण उघडलं होतं, बटणं आत शांत पडली होती, आणि उजव्या अंगठ्याच्या नखावर, मध्याच्या जरा खाली, एका कडेपासून निम्म्यापर्यंत एक पांढरी रेघ उमटली होती. केसाएवढी.

तिने मूठ मिटली. एवढ्या वयाची बाई, आणि काच फोडलेल्या पोरीसारखी छाती धडधडत होती... चार दिवस. चिमणीने दुपार घालवली आणि माझ्याकडून चार दिवस धड जपवलं नाही. चिमणी रागावणार नाही, हे तिला माहीत होतं. "असू दे" म्हणेल, आणि पुन्हा ताट घेऊन आतल्या खोलीत जाईल.

"गोंद आहे माझ्याकडे," काजवाली जवळ येऊन कुजबुजली. "चामड्याचा. बूट धरतो तर नख नाही धरणार?"

तिने गोंदाची नळी हातात घेतली. झाकणही काढलं. रेघेवर एक थेंब, वरून जरा रंग — शनिवारपर्यंत कुणाला कळणार? पण मग शनिवारी सही करताना ती अंगठा दुमडून धरील, आणि जेवताना, आणि फोटोत, आणि त्या घरातला तिचा पहिला दिवस एक अंगठा लपवण्यात जाईल. शिवणकामात तिने पाहिलं होतं, घाईने मारलेला टाका आधी मन खातो, मग कापड. तिने नळी बंद केली.

"मास्तर, आज जरा लवकर जाऊ का?"

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "कोट?"

"उद्या सकाळी लवकर येऊन करते."

"जा," ते म्हणाले. "आणि असं तोंड करून जाऊ नका, लोक म्हणतील दुकानात भांडण झालं."

चिमणीच्या दुकानात एक बाई हात दिव्याखाली धरून बसली होती. चिमणीने दारात तिला पाहिलं, नुसती भुवई उंचावली, आणि बाकाकडे बोट केलं. ती बसली, अंगठा मुठीत. इथे ती पहिल्यांदाच येत होती. भिंतीवर रंगांच्या बाटल्या ओळीने, हवेत घासलेल्या नखांच्या भुकटीचा वास. बाई गेल्यावर ती समोरच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मूठ उघडली.

"ओढलं नाहीत ना?" चिमणीने अंगठा दिव्याखाली घेतला.

"नाही."

"गोंद?"

"लावणार होते."

"नाही लावलात ते बरं. आत ओल कोंडली की खालचं नख सडतं."

"तू एवढी मेहनत घेतलीस, आणि मी... डब्याचं झाकण घट्ट होतं गं. तू सांगितलं होतंस तरी—"

चिमणी ऐकत नव्हती. तिने ताईंचे दोन्ही हात टेबलावर सपाट पसरवले आणि कितीतरी वेळ दहा नखांकडे बघत राहिली.

"तुम्ही दिवसभर हातांनी काय काय करता? करून दाखवा."

मग तिने हवेत करून दाखवलं: टाचणी उचलणं, दोऱ्याचं टोक पकडणं, हूक दाबणं, टाका ओढणं. दाखवताना तिला ओशाळल्यासारखं झालं, आणि जरा मजाही वाटली.

"आणि एवढी लांब नखं तुम्हाला कोणी सांगितली?"

ती गोंधळली. "तूच तर..."

"मीच," चिमणी म्हणाली. "नवीन कुणीही आलं की मी पहिलं विचारते, काम काय करता. तुमचं नख इथे संपतं, टिप पुढे जाते, टोकावरचा सगळा जोर या सांध्यावर येतो. जितकं लांब, तितका जोर. म्हणून कामाप्रमाणे लांबी. शेंबड्या पोरालाही कळेल. तुम्हाला मी विचारलंच नाही." ती कानस उचलून उगाच उलटीसुलटी करत राहिली. "ही आईची लांबी आहे. मी शिकले तिच्याच हातांवर, रोज संध्याकाळी. ती तिकीटखिडकीवर बसायची, तिला चालायची लांब नखं. विचार न करता हात चालवला की माझी कानस अजून तिथेच येऊन थांबते."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. रविवारी संध्याकाळी चष्मेवाल्यांनी तिचे हात पाहिले होते, "छान" म्हणाले होते, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, आवडलं नसावं.

"राहू दे मग अशीच," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला फार मऊ वाटला. "हे एक दुरुस्त कर. शनिवारपर्यंत मी जपते."

"आणि रविवारी?"

तिने अंगठ्यावरच्या रेघेकडे पाहिलं.

"रविवारपासून टाचण्या कोण उचलणार?" चिमणी म्हणाली, आणि हसली. हसताना तिच्या वरच्या ओठाला किंचित मुरड पडत होती, हे ती वर्षभरात पहिल्यांदा बघत होती. "मोडणारच होतं ते. तुमची चूक नाही. कापू?"

"काप."

"सगळीच कापावी लागतील हां. एकच आखूड ठेवून चालत नाही."

कटर कटकट वाजू लागला. गुलाबी टोकं कागदावर पडत गेली. चिमणीने अंगठ्यावरची तडकलेली टिप भिजवून सोडवली, नवी बसवली, बेताची, बोटाच्या जेमतेम पुढे जाणारी. मग कडा घासल्या, भुकटी फुंकली, दहाही मुळांशी तेल लावलं आणि ते अंगठ्याने सावकाश जिरवलं. तेल जिरलं तरी हात लगेच सोडला नाही. मग बाहेर गिऱ्हाईक आलं, आणि चिमणी उठली. कागद गोळा करताना मात्र तिचा हात क्षणभर थांबला, आणि मग तिने तो कागद नीट घडी घालून टोपलीत टाकला.

बाहेर उजेड होता अजून. दुकानांच्या फळ्या, भाजीच्या टोपल्या, शाळेतून परतणारी मुलं. ती चालत होती आणि अंगठ्याने बोटांची टोकं एकेक करून चाचपत होती. बोटांना पुन्हा हवा लागत होती, कळत होतं, खरखरीत, मऊ, गार. वर्षभर ती मनाशी एक वाक्य घोकत आली होती: मी कुणाच्या जागी येत नाहीये. त्या घरात पाऊल टाकायच्या आधी पायपुसण्यावर पाय पुसावेत तसं रोज घोकायची. दिवाणखान्यातल्या चिमणीच्या आईच्या फोटोकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. नजर तिथे गेली की ती कडेने वळवायची, कुणी कपडे बदलत असताना वळवावी तशी. आणि आता, या गर्दीत, कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबली असताना, तिला त्या बाईबद्दल एकाएकी किती काय विचारावंसं वाटत होतं. तिकिटाचे सुटे पैसे मोजताना नखं वाजायची का तिची? नख मोडलं की काय म्हणायची, हसायची की चिडायची? मुलगी रोज संध्याकाळी हात धरून बसायची तेव्हा दोघी बोलायच्या तरी काय...

विचारायचं कुणाला — चिमणीला, की चष्मेवाल्यांना? शनिवारी नाहीच. त्यानंतर कधी, तेही माहीत नाही. कदाचित विचारणारच नाही मी. पण विचारावंसं वाटतंय, आणि तसं वाटण्यात भीती मुळीच नाही, याचंच तिला नवल वाटत होतं. समोरून गाड्या जात राहिल्या, रस्ता मोकळा झाला, पुन्हा भरला, आणि ती आपली काठावर उभीच होती, घाई नसल्यासारखी.