मर्यादेचं पान

भुजंगरावांनी पेन्सिलीनं चौथ्या ओळीवर काट मारली, तेव्हा शिल्पाला वाटलं, चुकून मारली असेल. तिनं वाकून पाहिलं. काट सरळ होती, आणि वर बारीक अक्षरांत दुसरं वाक्य लिहिणं चाललं होतं.

“मामा, नुसतं वाचायचंय. जिथं समजत नाही तिथं खूण करा म्हटलं होतं मी.”

“समजतंय की. पण हे चुकलंय.”

शिल्पा घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी इंग्रजी मजकुराचं मराठी करून देत असे. या खेपेला क्रिप्टोच्या, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या, एका बाजाराची आठ पानं आली होती. आपल्याजवळची नाणी तारण ठेवायची, त्यावर उसने पैसे घ्यायचे, त्या पैशांतून आणखी नाणी विकत घ्यायची. आणि असे उसने कुणाला किती मिळतील, त्याची मर्यादा. पुण्याची अट अशी होती, की या विषयातलं काहीच कळत नाही अशा एका माणसाला मराठी वाचायला द्यायचं, आणि त्याला समजलं तरच पुढं पाठवायचं. शिल्पाला माणूस शोधावा लागला नाही. चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर असलेले, निवृत्तीनंतर लातुरातल्या या दोन खोल्यांत दिवसभर पेपर वाचत बसणारे सासरे समोरच होते.

“काय चुकलंय?”

“तू लिवलंस, मर्यादा खातं उघडताना ठरती. तशी ठरून ऱ्हात न्हाई ती. तारणाचा भाव पडला की मर्यादाबी खाली येती. घडीघडीला बदलती.”

शिल्पानं इंग्रजी पान काढून पाहिलं. घाईत तिचं एक अख्खं वाक्य सुटलं होतं. भुजंगरावांनी वर लिहिलं होतं ते जवळजवळ तेच होतं.

“तुम्हाला कसं माहीत?”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. आतल्या खोलीत शिल्पाच्या सासूबाई, केवळाबाई, ज्वारी पाखडत होत्या; सुपाचा आवाज चालू आहे ना, हे भुजंगरावांनी ऐकून घेतलं. मग खिशातला मोबाईल काढून कागदांवर ठेवला.

पडद्यावर त्याच बाजाराचं नाव होतं आणि खाली एक आडवी पट्टी. डावीकडं हिरवी, उजव्या टोकाला लाल. खूण लालच्या अगदी अलीकडं उभी होती.

“किती?” शिल्पानं हळू आवाजात विचारलं.

“माझे दोन लाख. त्यांचे तीन लाख वीस हजार. चार लाखांपर्यंत देत हुते, भाव पडला तशी मर्यादाबी खाली आली.”

“ह्यांना माहीत आहे?” तिनं नवऱ्याबद्दल विचारलं.

“भागवतला न्हाई. तुझ्या सासूलाबी न्हाई.”

उदगीरच्या फेरीवर त्यांच्याबरोबर ड्रायव्हर असलेल्या चांदपाशाच्या जावयानं हे शिकवलं होतं. आधी पाच हजार टाकले. मग पन्नास हजारांची मर्यादा मिळाली. मग एके सकाळी निरोप आला, की तुमची मर्यादा वाढवण्यात आली आहे. दोन महिन्यांनी परत एक आला.

“रिटायर झाल्यापास्नं कुणी मला काही वाढवून दिलं न्हाई, शिल्पा,” असं म्हणून ते हसले. “पाच लाख झाले की थांबणार होतो. वर एक खोली काढायची होती. तू शिलाई मशीनवर कागद मांडून काम करतीस.”

शिल्पानं मशीनच्या फळीवरचे कागद उगीचच सारखे केले. मग तिनं उरलेली पानं त्यांच्याकडं सरकवली.

“मामा, तुम्ही पुढचं वाचा. थांबू नका.”

ते वाचत राहिले. एका ठिकाणी त्यांनी ‘परतफेड’ला ‘फेड’ केलं, एका ठिकाणी एक लांबलचक वाक्य दोन तुकड्यांत तोडलं, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं. सहाव्या पानावर मात्र पेन्सिल थांबली. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं.

“‘तारणाचं मोल ठरलेल्या पातळीखाली गेलं, तर कंपनी तुम्हाला न कळवता ते विकेल आणि आपले पैसे वसूल करून घेईल. विक्री कोणत्या भावानं झाली, याबद्दल तक्रार करता येणार नाही.’”

त्यांनी वर पाहिलं. “हे तू तुझ्या मनानं घातलंस?”

“नाही मामा. हे बघा.”

तिनं इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. भुजंगराव एकेक अक्षर लावत गेले. “विदाऊट... नोटीस,” ते म्हणाले, आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागले.

“मला वाटलं हुतं, आधी फोन येईल. मग मी तारणात भर घालीन.”

“निरोप पाठवतात म्हणे बऱ्याचदा. पण पाठवायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही.”

“म्हंजे मी हितं पेपर वाचत बसलेला असताना...”

“हो.”

सुपाचा आवाज थांबला आहे, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. केवळाबाई दारात उभ्या होत्या. पदराला कोंडा लागला होता. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही.

“ते परत वाच,” त्या शिल्पाला म्हणाल्या. “सगळं.”

शिल्पानं पहिल्या पानापासून वाचलं. केवळाबाई खाली बसून ऐकत होत्या. मधे दोनदा त्यांनी तिला थांबवलं. एकदा तारण कुणाकडं राहतं ते विचारलं, आणि एकदा व्याज कधीपासून लागतं ते.

“तासातासानं लागतं, आत्या.”

“हे सगळं लिवलेलं हुतं?”

“होतं. इंग्रजीत.”

केवळाबाई नवऱ्याकडं वळल्या.

“चौतीस वर्षं लोकांचे सुट्टे मोजून माघारी दिले तुम्ही. मला एक शब्द इचारला असता.”

त्या उठल्या, पदर झटकला.

“खोली पत्र्याची करू, झाली तवा. आधी त्यांचं देऊन टाका.”

पडद्यावर येणारी एकेक इंग्रजी ओळ शिल्पा मराठीत सांगत गेली, आणि बटणं भुजंगरावांनी स्वतः दाबली.

“खात्री आहे का, असं परत विचारतंय, मामा. तिसऱ्यांदा.”

“घेताना एकदाच इचारलं हुतं,” ते म्हणाले, आणि दाबलं.

नाणी विकून, उसने फेडून, व्याज जाऊन एक लाख एकसष्ट हजार उरले. भुजंगरावांनी तो आकडा केवळाबाईंना दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेऊन नीट पाहिला आणि परत दिला. संध्याकाळी भागवत डाळ मिलमधून आला, तेव्हा त्यालाही भुजंगरावांनीच सांगितलं. त्याचा आवाज आधी चढला, मग तो अंगणात जाऊन उभा राहिला. जेवायला मात्र सगळे एकत्र बसले.

पुढच्या आठवड्यात भाव वर गेला, आणि चांगलाच गेला. भुजंगरावांनी सकाळी चहा घेताना तो पाहिला.

“वाढलं,” ते म्हणाले.

“मग?” केवळाबाईंनी विचारलं.

“मग काही न्हाई. साखर कमी हाय.”

केवळाबाईंनी साखर घातली. भुजंगराव कप संपेपर्यंत बसले, आणि मग भाजी आणायला पिशवी घेऊन निघून गेले.

शुक्रवारी नमाज पढून चांदपाशा आला. आत न येता उंबऱ्यापाशीच उभा राहिला. जावई मागं मोटारसायकलवर बसून होता.

“बेटी, ते मराठीतलं पान तुझ्याकडं हाय म्हणं. भुजंगनं सांगितलं. जावयाला वाचायला मिळंल काय?”

शिल्पाला अवघड झालं. मजकूर पुण्याला गेला होता, पण क्रिप्टोच्या कंपनीनं तो अजून लोकांसाठी लावला नव्हता. तोवर कुणाला देता येत नव्हता. ते कसं सांगावं, या विचारात ती असतानाच भुजंगराव आतून दोन खुर्च्या घेऊन आले आणि त्यांनी त्या ओट्यावर समोरासमोर मांडल्या.

“कागद कशाला पाहिजे? मला पाठ हाय,” ते म्हणाले. “जावयाला बोलीव. आणि त्याला म्हणावं, मोबाईल बाहेर काढ.”

जावई आला, बसला. भुजंगरावांनी चष्मा लावला, त्याच्या पडद्यावरची पट्टी एकदा पाहून घेतली, आणि सहाव्या पानापासून सांगायला सुरुवात केली.