हलका कान

जावई हलक्या कानाचा होता. कुणी काहीही सांगावं आणि त्याने मान डोलवावी. मिस्त्रीने हा मूळ बनावटीतला दोष समजून सोडून दिला होता. मुलगी सुखात होती, बाकी गाडी बरी चालत होती.

मिस्त्रीचा स्वतःचा कान मात्र नावाजलेला. चालू इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं काय झिजलंय ते सांगायचं. ‘कानवाले मिस्त्री’ हे नाव त्याला त्यावरूनच पडलं. दोन वर्षांपूर्वी त्याने गॅरेज बंद केलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं गुडघे गेले. गुडघे ठणठणीत होते. उजवा कान पार गेला होता, डावा त्याच वाटेवर होता. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, कारण रोज घसा तिलाच कोरडा करावा लागायचा.

आणि आता जावयाला जुनी आलिशान एसयूव्ही घ्यायची होती.

“एका डॉक्टरची गाडी आहे, बाबा. फक्त रविवारी चालवायचा.”

“कोण म्हणालं?”

“विकणारा.”

“मग प्रश्नच मिटला,” मिस्त्री म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं की आजार झाकला जातो, हे विकणाऱ्यालाही माहीत होतं आणि मिस्त्रीलाही. “उद्या सकाळी येतो. तोवर हिला हात लावू नका,” एवढं सांगून तो परतला.

सकाळी गाडी मागून डावीकडे खचली होती.

“चार महिने एका जागी बसून आहे ना,” विकणारा म्हणाला.

“दिसतंय. डावीकडे जरा जास्तच बसलीय.” गाडी हवेवर उचलून धरणाऱ्या सस्पेन्शनमधून रात्रभर हवा गळत होती. मिस्त्रीने पायाखालचं कार्पेट दाबलं, तर पाणी वर आलं. छताच्या काचेवरचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली होती. एका दाराचा रंग बाकीच्यांपेक्षा ताजा होता. हे सगळं डोळ्यांनी आणि हातांनी झालं. जावई मात्र प्रत्येक दोषावर विकणाऱ्याचा खुलासा ऐकत होता आणि त्याला तो पटत होता.

“किरकोळ कामं आहेत, बाबा. इंजिन तेवढं ऐका. तुम्ही हो म्हणालात की आजच घेऊन टाकू.”

राहिली होती ती इंजिनातली टायमिंग चेन. ती सैल झाली की थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखडते, तेल वर चढलं की गप्प. म्हणजे संधी एकच. विकणारा किल्ली घेऊन आत बसला. मिस्त्रीने चेनच्या झाकणावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तसाच उभा राहिला. ‘ठीक आहे’ म्हटलं असतं तर नाव शाबूत राहिलं असतं. चेन नंतर कधीतरी हमरस्त्यावर तुटली असती, आणि गाडीत मुलगी असती. त्याला भीती वाटली. लाज त्याहून जास्त वाटली.

“जावईबापू, इकडे या. कान तुम्ही लावा.”

“मी?”

“मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.”

जावई मोठ्याने हसला. रविवारच्या डॉक्टरवर विश्वास ठेवणाऱ्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट पटली नाही. “काहीतरीच काय, बाबा! मला शिकवायचंय असं सरळ सांगा ना.”

“शिका मग,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने विकणाऱ्याला खूण केली.

इंजिन सुरू झालं. जावयाचं हसू मावळलं. “डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजलं. आता थांबलं.”

“थंडीमुळे होतं तसं!” विकणारा आतून ओरडला.

जावयाने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे. “नको गाडी,” तो म्हणाला.

परतताना तो मिस्त्रीच्या उजव्या हाताला चालत होता. खुशीत असावा, हातवारे चालले होते. मिस्त्री अंदाजाने मान डोलवत राहिला. थोड्या वेळाने पाहतो तर शेजारी कुणीच नव्हतं. जावई चार पावलं मागे थांबला होता. त्याचे ओठ हलत होते.

“काय?” मिस्त्रीने विचारलं.

जावयाचा चेहरा उतरला. आता त्याला पटलं होतं. तो पुढे आला, मागून वळसा घालून मिस्त्रीच्या डाव्या हाताला गेला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगू लागला, जरा मोठ्याने.