सासू-सुनेची चिखलणी

मी एक जुना पॉवर टिलर आहे. मित्रांनो, माझा जन्म ओसाकाजवळच्या कारखान्यात झाला, पण अक्कल आली ती उत्तर जपानमधल्या अकितातल्या भातखाचरात.

यासुकिचीने मला घरी आणलं तेव्हा गाव बघायला लोटलं. त्याची आई तोमेबाई मात्र माझ्याकडे पाठ करून बसल्या, कारण माझ्यापायी घोडा विकला होता. त्याच्या बायकोला, हात्सुएला, मला पुसायची परवानगी होती, चालवायची नाही. यंत्र पुरुषाने हाकावं, असं तोमेबाईंचं ठाम मत.

हिवाळ्यात पुरुष तोक्योला बांधकामावर जात आणि बर्फ वितळला की परतत. त्या वर्षी यासुकिचीचं पत्र आलं की काम लांबलंय, लावणीआधीची चिखलणी उरकून घ्या. शेजारचे गोन्झो म्हणाले, उद्या येऊन करून देतो. ते रोज उद्या येणार होते. पाटाच्या पाण्याची आमची पाळी चारच दिवसांची. ती हुकली तर लावणी नाही, आणि वर्षाचा तांदूळही नाही.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई पिंपातून खारवलेले मुळे काढण्यात गुंतल्यात, असं बघून हात्सुएने मला सुरू करायची दोरी ओढली. खोटं कशाला सांगू, मीही घाबरलो होतो. तिने माझ्या मुठी घट्ट आवळल्या आणि मी तिला फरफटत निघालो. वाळत घातलेलं धुणं तिच्या गळ्यात पडलं, कांद्याचा वाफा चिरडला, आणि मी थेट त्या पिंपावर थडकलो. खारं पाणी तोमेबाईंच्या अंगावर.

हात्सुए बोलणी खायला मान खाली घालून उभी राहिली. तोमेबाईंनी केसांतला मुळा काढला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"मुठी अशा आवळतात होय? घोडासुद्धा बिथरेल."

लढाईत नवरा फौजेत गेला तेव्हा या बाईने तीन वर्षं एकटीने घोड्यामागे चिखलणी केली होती. सुनेला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"डावीकडे जायचंय ना? मग डावीच कळ दाब. आणि त्याच्याशी बोल जरा."

"काय बोलू, आई?"

"मला जे बोलायचं तुझ्या मनात येतं ना, ते त्याला बोल."

हात्सुए जे बोलू लागली, ते मी इथे सांगणार नाही. बांधावर तोमेबाई ऐकत होत्या आणि बाहीआड नव्हे, उघड हसत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच माझ्या मुठी धरल्या, त्या जेवायलाही सोडीनात. चौथ्या संध्याकाळी शेवटचं खाचर झालं. दोघी गळ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या.

गोन्झो पाचव्या दिवशी उगवले. तोमेबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा उद्या कालच होऊन गेला."

पुढे शेजारच्या चार सुना शिकायला आल्या. कांद्याचा वाफा काही पुन्हा उभा राहिला नाही. यासुकिची परतला, मला हात लावायला गेला, तर आईने सांगितलं, आधी सुनेला विचार. त्याने विचारलं.

वीस वर्षं राबलो. मग बसून चालवायचा ट्रॅक्टर आला, आणि आता माझ्यावर कोंबड्या बसतात. त्या वीस वर्षांत रोज संध्याकाळी हात्सुए आधी माझा चिखल धुवायची, मग स्वतःचे पाय. तोवर यासुकिची अंघोळ करून जेवायला बसलेला असे. म्हणून मित्रांनो, काम झालं की यंत्राचा चिखल जरूर धुवा. तुमच्या घरी तो रोज कुणी बाई धूत असेल, तर आज तुम्ही धुवा आणि तिला आधी जेवायला बसवा.