मेडशीचे मॉन्सिन्यॉर

“वरणात मीठ नाही वाटते, रुपाबाई.”

“नसंल.”

फादर रविकांतांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं भात कालवला. पंधरवडाभर हे असंच चाललं होतं. कधी मीठ नाही, कधी पोळी करपलेली, आणि रुपाबाईच्या तोंडून शब्द म्हणून निघत नव्हता.

मेडशीच्या त्या लहानशा चर्चच्या स्वयंपाकघरात रुपाबाईची उमर गेली होती. तिच्या घरी देवी होती. चर्चमध्ये ती झाडायला तेवढी जायची. पण फादरांची पथ्यं, त्यांच्या गोळ्या, पावसात भिजून आले की त्यांना रागावणं, सगळं तिच्याकडेच होतं.

पंधरवड्यापूर्वी एके दिवशी बिशपांचा फोन आला होता. रोमहून पोपसाहेबांनी फादरांना मॉन्सिन्यॉर ही मानाची पदवी दिली होती. गावाला आनंद झाला, पण ते नाव काही कुणाच्या जिभेवर बसेना.

“आपले फादर मानसिंग झाले म्हने!” शेजारचा दौलतसिंग सांगत आला. रुपाबाई खुदकन हसली. तो पुढे म्हणाला, “आता कायचे राह्यते ते इथं? येवढा मोठा हुद्दा भेटल्यावर नागपुराले नेतीन त्यायले.”

तिचं हसू तिथंच थिजलं.

रविवारी मांडव पडला. आसेगाव, इंझोरीहून माणसं आली. जांभळ्या किनारीचा काळा झगा आदल्या दिवशी रुपाबाईनंच इस्त्री केला होता, डोळे पुसत पुसत. बिशपांनी फादरांच्या कमरेला जांभळा पट्टा बांधला, टाळ्यांचा कडकडाट झाला. फादर लाजून चूर.

“कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत?” बिशपांनी विचारलं.

बेसनाचे हात पदराला पुसत रुपाबाई चुलीपासून थेट व्यासपीठासमोर आली.

“सायेब, एकच इचारते. यायले कुठं नेऊन राह्यले तुमी?”

मांडवातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“कुठंच नाही, बाई,” बिशप गोंधळून म्हणाले. “हा नुसता मान आहे. बदली नाही, नवं काम नाही. फादर इथंच राहणार.”

“इथंच? मेडशीतच?”

“मेडशीतच.”

रुपाबाई मटकन खालीच बसली आणि रडता रडता हसायला लागली. मग अख्खा मांडव हसला. फादर धावत खाली आले.

“आन् हे मनात ठेवून तुमी मले उपाशी मारून राह्यल्या होत्या? इचारलं काहून नाही?”

“तुमी हो म्हनले असते तं?”

फादरांनी हात देऊन तिला उठवलं आणि पंगतीत, बिशपांच्या शेजारच्या पाटावर नेऊन बसवलं. ती “वाढाचं हाय, वाढाचं हाय” म्हणत राहिली, पण ऐकतो कोण? फादरांनी नव्या झग्याच्या बाह्या दुमडल्या, बुंदीचं ताट उचललं आणि पंगतीच्या या टोकापासून वाढायला सुरुवात केली.

रुपाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मांडी नीट घातली. फादर समोर वाकले तेव्हा तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

“पुरे,” ती म्हणाली.

“हात काढा, बाई,” मॉन्सिन्यॉर म्हणाले, आणि ती हात काढेपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.